लाखोळीवरचे आपले भांडण

मंगळवार, १९ मार्च १९८५, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.

सर, ही तुमच्या जाण्याची वेळ नव्हे. ती कुणी नोंदवलीच नाही. तुम्ही पवनीच्या घरी जेवून खुर्चीत टेकलात, वहिनी ताट उचलून आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा तुम्ही नव्हतात. या दोन घटनांमधल्या कुठल्यातरी मिनिटाला तुमचे हृदय थांबले, एवढेच खात्रीने म्हणता येते. वर लिहिलेली वेळ मला कळल्याची आहे. संशोधन केंद्रातला कारकून प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, मेश्राम साहेब गेले." मी घड्याळाकडे पाहिले, कारण उकळत्या पाण्यात परीक्षानळ्या ठेवलेल्या होत्या आणि त्या काढायला अजून दहा मिनिटे होती. "कुठे गेले?" असे मी विचारले. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा मला समजले. मी दहा मिनिटे थांबले, नळ्या काढल्या, ज्योत बंद केली आणि मग निघाले. कारकुनाला ते आवडले नाही. तुम्हाला आवडले असते, असे मी स्वतःला सांगत आले. पण तुमच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला उरला आहे का, याची खात्री नाही. शेवटचे तीन महिने आपण कामापुरतेच बोलत होतो.

हे लिहिणे तुमच्याशी असले तरी वाचणारे आणखीही असतील. त्यांना लाखोळीच्या डाळीविषयी सांगावे लागेल. तुम्ही जरा थांबा. सभेत मी बोलू लागले की खिडकीबाहेर पाहत थांबायचात तसे.

धान कापण्याआधी, बांधीतली ओल जिरण्यापूर्वी, आपल्याकडे उभ्या पिकात लाखोळीचे बी फोकून, म्हणजे हाताने विखरून, देतात. तिला नांगरट नको, खत नको, पाणी नको. धान हातचे गेले त्या वर्षीही ती येते. म्हणून गरिबाच्या घरी वरण तिचे, वडे तिचे, कोवळ्या पानांची भाजीही तिचीच, आणि कित्येक ठिकाणी मजुरीही तिच्यातच मिळते. अधूनमधून खाणाऱ्याला काही होत नाही. पण जो दुसरे काही नसल्यामुळे महिनोन्महिने तीच खातो, त्याच्या मज्जारज्जूला डाळीतले एक अमिनो आम्ल इजा करते. पाय आखडतात, टाच जमिनीला टेकत नाही, माणूस चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत चालतो. गेलेली चाल परत येत नाही. औषध नाही. फक्त एक गोष्ट आपल्या बाजूची होती: हे आम्ल पाण्यात विरघळते. डाळ काही तास गरम पाण्यात भिजवली आणि ते पाणी काढून टाकले, तर बहुतेक विष पाण्याबरोबर निघून जाते. प्रयोगशाळेत हे आधीच ठाऊक होते. चुलीवर, मातीच्या घरात, वर्षभर हे जमते का आणि नवे रुग्ण थांबतात का, एवढाच आपला प्रश्न होता. त्यासाठी आपण आसगावच्या पुढचे खांबटोली हे गाव निवडले. तिथे लाखोळी होती आणि पाय गेलेले सात पुरुष होते.

गेल्या उन्हाळ्यातला तो पहिला दिवस मला अजून तपशिलाने आठवतो. चावडीपुढच्या कडुनिंबाखाली तीन दगडांची चूल, तिच्यावर गंज, गंजात पाणी आणि पाण्यात माझा तापमापक. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीने विचारलेच, "काहून जी डॉक्टरसाहेब, डाळीले बुखार हाय का?"

"हाय ना," तुम्ही गंभीर चेहऱ्याने म्हणालात. "अन् तो उतरवाले नागपूरहून ह्या मोठ्या बाई आणल्या. माणसाले हात नाई लावत त्या, फक्त डाळीले पाहतेत."

सगळा घोळका हसला. मी चिडले होते. पण त्या हसण्यानंतर बायका चुलीजवळ सरकल्या, पाण्यात बोट बुडवून पाहू लागल्या, आणि तापमापकाशिवाय पाणी किती तापवायचे हे त्यांना कळले: बोट बुडवल्याबरोबर काढावे लागेल, इतके. माझ्या दोन पानी सूचनापत्रकाने जे झाले नसते ते तुमच्या एका थट्टेने झाले. हे मी तेव्हा तुम्हाला सांगितले नाही. सांगण्यासारखे वाटले होते. वेळ आहे असे धरून चालले.

तुम्हीच ठरवले होते की 'विष' हा शब्द वापरायचा नाही. "ज्याच्याकडे खायला दुसरं काही नाही त्याला सांगायचं, तू विष खातोस? मग त्यानं काय करायचं?" मला तो युक्तिवाद पटला. म्हणून आपण गावात 'डाळीचा दोष' म्हणत होतो. दोष पाण्यात उतरतो, पाणी काढून टाका, डाळ शिजवा. वाक्य सोपे होते, बायकांनी ते पाठ केले. दर पंधरा दिवसांनी मी भिजवलेल्या डाळीचे नमुने आणत होते, आणि दर वेळी पाऊण भाग किंवा त्याहून अधिक विष निघून गेलेले दिसत होते. कलरीमीटरच्या काट्याकडे पाहताना मला जे वाटे त्याला आनंद म्हणणे अपुरे आहे. मी सत्तावीस वर्षांची होते, माझ्या वर्गातल्या मुलींची लग्ने होऊन मुले शाळेत जाऊ लागली होती, आणि माझ्या हातात असे काहीतरी येत होते जे जिल्ह्याच्या प्रत्येक लाखोळीच्या गावात जाणार होते. प्रगती-अहवालावर माझे नाव तुमच्या आधी लिहिलेत तुम्ही. नागपूरच्या संचालकांनी भुवया उंचावल्या, तेव्हा म्हणालात, "आकडे त्यांचे आहेत. माझे फक्त गुडघे."

गुडघे हा आपल्यातला विनोद होता. तुमच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी रबरी हातोडी असायची. मी रसायनशास्त्रातली, मला माणसाला हात लावायचे भय; ते तुम्ही ओळखले होते. एकदा केंद्राच्या व्हरांड्यात तुम्ही स्वतःच बाकावर बसून धोतर गुडघ्यापर्यंत सारलेत आणि हातोडी माझ्या हातात दिलीत. "ठोका. नमुना समजा." मी ठोकली. तुमचा पाय जेमतेम हलला. "हा निरोगी. ज्या दिवशी पाय तुमच्या हनुवटीला लागेल त्या दिवशी घाबरा."

तो दिवस डिसेंबरात आला. देवकाबाई खांबटोलीच्या एका कष्टाळू घरातली सून, वय बावीस-तेवीस, कडेवर सहा-सात महिन्यांची मुलगी. दवाखान्याच्या दिवशी ती रांगेत सर्वांत शेवटी उभी होती. म्हणाली, "पाय बांधल्यावानी वाटतेत, साहेब. रोवणीपासून. मले वाटलं चिखलानं आखडले."

"मंग येवढे दिवस कायले थांबली?"

"सासू म्हणे, बाळतपणाचं हाय, जाईन."

तुम्ही गुडघ्याखाली हातोडी टेकवली न टेकवली तोच पाय उसळला. मग तुम्ही तिचे पाऊल तळहातावर घेऊन वर दाबलेत, आणि ते पाऊल आपोआप थरथरू लागले, थांबेना. मुलीला त्याची गंमत वाटली, ती हसली. देवकाबाईही हसली. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. ती गेल्यावर आपले भांडण झाले.

"सात जुने रुग्ण," तुम्ही म्हणालात. "साती पुरुष. या रोगात बहुतेक पुरुषच असतात, तुम्ही वाचलं आहे. आपली पद्धत सुरू झाल्यानंतरचा पहिला नवा रुग्ण, आणि ती बाई. काहून?"

"एका रुग्णावरून 'काहून' विचारता येत नाही, सर. एका बिंदूतून रेषा निघत नाही."

"रेषा काढायची नाही मला. तिच्या घरी जायचं आहे."

"त्यांच्या घरची डाळ मी तपासलेली आहे. स्वच्छ आहे. ती बाहेर कुठेतरी न भिजवलेली खात असेल. मजुरीच्या ठिकाणी, माहेरी."

"असेल. मग ते तरी पाहून या. सकाळी जा आणि दिवसभर तिच्या चुलीपाशी बसा. मी गेलो तर मला ओसरीवर बसवतात. चहा देतात, कपबशी निराळी ठेवलेली असते, ते सोडा. पुरुष म्हणून मला चुलीपाशी जाता येत नाही, आणि मेश्राम म्हणून तर नाहीच नाही. तुम्हाला जाता येतं."

त्या क्षणी मला काय ऐकू आले ते आज लिहून ठेवते, कारण ते तुम्हाला कधी समजावून सांगितले नाही. मला तुमचा प्रश्न ऐकू आला नाही. मला नागपूरचे ते प्राध्यापक ऐकू आले, ज्यांनी तोंडी परीक्षेत मला विचारले होते की गृहविज्ञान का घेतले नाहीस. मला माझे वडील ऐकू आले. इतकी वर्षे शिकून, इतक्या जणांशी भांडून मी प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत पोचले, आणि ज्या एका माणसाने मला टेबलाशी उभे केले तोच सांगत होता, आता चुलीपाशी बस.

"मी जीवरसायनशास्त्रज्ञ आहे," मी म्हणाले. "तुम्हालाही शेवटी बाई चुलीपाशीच बरी वाटली."

तुम्ही हातोडी खिशात ठेवलीत. मग अगदी साध्या आवाजात म्हणालात, "आमच्या घरी मी पाणी फेकलेलं कधी पाहिलं नाही, कुमुदबाई. भाताचं नाही, डाळीचं नाही. आई फेकतच नसे."

"तुमच्या आईचे स्वयंपाकघर हा पुरावा नव्हे."

पद्धतीच्या दृष्टीने ते वाक्य आजही बरोबर आहे. मी ते मागे घेत नाही. पण पुरावा कुठे शोधायचा हे कधीकधी अशाच ठिकाणाहून कळते, आणि तुम्ही मला पुरावा देत नव्हतात, पत्ता देत होतात. हे दोन वेगळे असतात, इतके मला तेव्हा समजायला हवे होते. तुमच्या बाजूनेही एक चूक झाली, सर. तुम्ही हुकूम द्यायला हवा होता. तुम्ही वरिष्ठ होतात. 'जा' म्हटले असते तर मी चिडून, पाय आपटत, पण गेले असते. तुम्ही तसे केले नाहीत. देवकाबाईला लाखोळी पूर्ण बंद करायला सांगितलेत, केंद्रातून तिच्यापुरती तुरीची डाळ दिलीत, आणि माझी वाट पाहत राहिलात. या सभ्यतेबद्दल मी तुमची ऋणी आहे की तुमच्यावर रागावलेली आहे, ते माझे मलाच सांगता येत नाही. दोन्ही असावे.

वैनगंगेच्या काठी तुम्हाला निरोप दिला तेव्हा मी बायकांच्या घोळक्यात मागे उभी होते. त्रिशरण, पंचशील झाले. खांबटोलीचे पुष्कळ लोक आले होते. पाय गेलेल्या सात जणांपैकी तिघे बैलबंडीतून आले. ज्यांच्या घरी तुमची कपबशी निराळी असे तेही होते. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "आता गुडघा कोन ठोकन बे?" दुसरा म्हणाला, "ठोकन कोनीतरी. पन इचारन कोन?"

दोन दिवसांनी वहिनींना भेटायला गेले. मला वाटले होते, तुमच्या टेबलाच्या खणात या प्रकरणाविषयी काही टिपण असेल. काहीच नव्हते. हातोडी, पेपरमिंटच्या गोळ्या आणि चष्म्याची मोडकी काडी. वहिनींनी चहा दिला आणि सहज बोलल्यासारखे म्हणाल्या, "तुमच्यावर लय भरोसा होता त्यायचा. मी इचारलं का, ती पोरगी बोलत नाई का तुमच्यासंगं? तर म्हणे, रागावली हाय. पन जाईन ती. आज नाई तं उद्या जाईन."

मी त्यांच्या या बोलण्यामुळे खांबटोलीला गेले, असे लिहिले तर लेख गोड होईल. खरे असे की त्याच दुपारी संचालकांचा निरोप आला: वर्षभराच्या अहवालावर आता तुमच्याऐवजी माझी एकटीची सही हवी होती, आणि महिनाअखेरीस तो जिल्ह्याकडे जायचा होता. पावसाळ्याआधी ही पद्धत सगळ्या लाखोळीच्या गावांत द्यायची असे ठरत होते. देवकाबाईचे काय, असे मी विचारले. फोनवर उत्तर मिळाले, "बाहेरचं खाणं. तळटीप टाका." ते माझेच अनुमान होते, माझ्याच शब्दांत. दुसऱ्याच्या तोंडून ते इतके हलके वाटले की सही करण्यापूर्वी मी दुसऱ्या दिवशीची पहिली बस पकडली.

देवकाबाईची सासू भागरथाबाई अंगणात शेण कालवत होती. मला पाहून म्हणाली, "या बाई. आज डाळ न्याले आल्या का मानूस पाहाले?"

"बसायला आले. तुमच्या चुलीपाशी."

"बसा ना. आमची चूल का पळून चालली?"

आत अंधार होता आणि धूर. भाकरी झाली, कांदा चिरला गेला. देवकाबाई भिंतीला धरून चालत होती. मुलगी तिच्या पदराला लोंबकळत होती. भागरथाबाईने गंजात पाणी तापवले, बोट बुडवून झटक्यात काढले, माझ्याकडे पाहून हसली, आणि डाळ भिजत घातली. सगळे जसे शिकवले तसे. मला उठावेसे वाटू लागले. दुपारी तिने डाळ गाळली. डाळ एका भांड्यात गेली. पिवळसर पाणी दुसऱ्या गंजात गेले. तो गंज तिने दाराबाहेर नेला नाही. चुलीवर ठेवला आणि त्यात मूठभर कणी टाकली.

"हे काय करता?"

"पेज."

"हे पाणी काढून टाकायचे होते ना?"

"काढलं ना डाळीतून! आता हे डाळीत हाय का?" तिला माझ्या अडाणीपणाचे नवल वाटले. "अन्नाचं पानी कोन फेकते बाई? तुमीच तं सांगतलं, डाळीतलं सारं पान्यात उतरते म्हणून. उतरलं तं ते सतच होय. डाळ निसती चोथा. आमी म्हातारे-कोतारे खातो चोथा. पेज सुनेले. अंगावर पिते लेकरू. दूध नको का याले?"

"रोज?"

"रोज. आता तीन महिने झाले, मेश्राम साहेबानं तिले लाखोळी बंद केली तवापासून मी डाळीचा दाना देत नाई तिले. पेज देतो निसती."

सर, आपण वर्षभर डाळ भिजवण्यापूर्वी मोजली, भिजवल्यानंतर मोजली. मधल्या पाण्याचे काय होते ते मोजायचे आपल्या दोघांपैकी कुणाच्याही मनात आले नाही; माझ्या नाही, आणि डिसेंबरपर्यंत तुमच्याही नाही. जे विष घरातल्या सहा जणांत वाटले जात होते ते सगळे आपण एका गंजात गोळा करून दिले होते. आणि त्या घरात जी सर्वांत जपण्यासारखी होती, तिला ते मिळत होते. तिचा दुस्वास असता तर ती वाचली असती.

मी 'दोष' म्हणाले नाही. तो शब्द आता वापरता येण्यासारखा राहिला नव्हता. मी म्हणाले, "भागरथाबाई, त्या पाण्यात विष असते. पायाचे विष. तेच काढून टाकायला आम्ही सांगत होतो."

तिने ढवळणे थांबवले नाही. काही वेळाने थांबवले. देवकाबाई भिंतीला टेकून उभी होती, तिने मुलीला उचलून घेतले.

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?" भागरथाबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "इख म्हटलं असतं तं कळलं असतं ना वो आमाले. आमी का बह्याड होतो? म्या माह्या हातानं पाजलं तिले. ती नको म्हणे कवा-कवा, कडू लागते म्हणे. म्या म्हटलं, पी वो माय, लेकरासाठी पी."

"सोडा ना आत्याबाई," देवकाबाई म्हणाली. "तुमाले का मालूम होतं?"

"तुले सोडता येते का? मले नाई येत."

त्या दोघींमध्ये मी परकी होते. मी उठून गंज चुलीवरून उतरवायला गेले, तर भागरथाबाईने माझा हात धरला. "आता हे कोठी टाकू ते सांगा. बैलाले पाजू का?" मी नाही म्हटले. "उकिरड्यावर कोंबड्या येतेत. वाफ्यात मेथी हाय. कोठी टाकू?" सर, या प्रश्नाचे उत्तर अजूनही माझ्याकडे नाही. आपण विष डाळीतून काढायला शिकवले. काढल्यावर ते कुठे ठेवायचे हे शिकवले नाही. शेवटी तिने स्वतःच घरामागे खड्डा केला, पाणी ओतले, वर माती लोटली, आणि त्यावर पाय देऊन उभी राहिली.

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी घरोघर गेले, सगळीकडे आत, चुलीपाशी. बहुतेक घरांत पाणी फेकले जात नव्हते. काही घरांत सगळे वाटून पीत होते, म्हणजे जुन्याइतकेच विष जुन्याच वाटणीने पोटात जात होते आणि आपली सगळी खटपट फुकट होती. पण आणखी तीन घरांत पेज एकीलाच मिळत होती: दोन बाळंतिणी आणि एक दिवस गेलेली. तिघींच्याही पायांवर मी तुमची हातोडी ठोकली. वहिनींनी ती मला दिली आहे. दोघींचा पाय जेमतेम हलला. तिसरीचा थोडा अधिक हलला. तुम्ही असतात तर तो 'थोडा अधिक' किती, हे तुम्हाला सांगता आले असते. मला येत नाही. तिला आता भंडाऱ्याला पाठवले आहे.

अंगावरच्या दुधातून काही उतरते का, तेही मला माहीत नाही. देवकाबाईची मुलगी उभी राहू लागली आहे. ती पाऊल कसे टाकते ते मी पाहत राहते, आणि तिच्या आईच्या लक्षात येण्याआधी नजर काढून घेते.

अहवालावर मी सही केली नाही. नवा लिहून दिला: ही पद्धत आज आहे त्या स्वरूपात कोणत्याही गावात देऊ नये. संचालक म्हणाले, एवढ्या चांगल्या आकड्यांवर तू पाणी ओततेस, तुझ्या पीएच.डी.चे काय होणार याचा विचार केला आहेस का. केला आहे. पुष्कळ केला आहे. मी तुमच्यासारखी निरिच्छ नाही, मला ती पदवी हवी आहे आणि परदेशातली ती शिष्यवृत्तीही हवी आहे. तुमच्या जागी आता दुसरे डॉक्टर येतील. ते हा नवा अहवाल बाजूला ठेवून जुनाच पुढे पाठवू शकतात, आणि तसे त्यांना सुचवले गेले असल्याचे कळते. त्यांना थांबवायला माझ्याकडे पद नाही, वय नाही. म्हातारीचे बोलणे सांगितले तर ते म्हणतील, हा पुरावा नव्हे. हे वाक्य मला चांगले ओळखीचे आहे.

म्हणून भागरथाबाईने दुसऱ्या दिवशी काढलेले पाणी मी खड्ड्यात जाऊ दिले नाही. बाटलीत भरून पवनीला आणले.

आपले भांडण संपले असे मी मानत नाही. चुलीपाशी जायला मला सांगितले गेले, तुम्हाला जाऊ दिले गेले नसते. या दोन्ही गोष्टींचा राग मला एकाच वेळी येऊ लागला आहे, हे डिसेंबरात मला जमले नव्हते. तुम्ही असतात तर याही वाक्यावर वाद घातला असता. म्हणाला असतात, राग नंतर, आधी मोजा.

मोजले. तीनदा, वेगवेगळ्या दिवशी. पूर्वी त्या घरातल्या प्रत्येकाच्या पोटात रोज पाव ग्रॅमहून थोडे अधिक विष जात असे. अहवालात डाळीच्या दोन रकान्यांशेजारी मी तिसरा रकाना आखला आहे, पाण्याचा. त्यात आज सकाळी, अकरा वाजता, शेवटची नोंद केली. देवकाबाईचा गंज, एका दिवसाचा: १.३ ग्रॅम.